टँकरभर पाण्यातली एक गुंज

जुन्या काळी सोनाराच्या तराजूत गुंजा असायच्या. लाल अंगावर काळा ठिपका असलेलं ते इवलंसं बी म्हणजे सोन्याच्या वजनाचं सगळ्यात लहान माप. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. जुना तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज भरते जेमतेम १२० मिलिग्रॅम. आता उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वाडीवस्तीवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. भारतीय मानक ब्युरोनं ठरवल्याप्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक चालतं ते लिटरमागं फार तर १० मायक्रोग्रॅम. अख्ख्या टँकरचा हिशेब केला, तर १०० मिलिग्रॅम. एका गुंजेहूनही कमी! शिशाची मर्यादा तेवढीच. पाऱ्याची त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे टँकरभर पाण्यात गुंजेचा बारावा भाग. २००३ साली बाटलीबंद पाण्याचे नियम कडक झाले, तेव्हा एकेका कीटकनाशकाला लिटरमागं ०.१ मायक्रोग्रॅमची हद्द घालण्यात आली. एका गुंजेचे एकशेवीस तुकडे करा, त्यातला एक टँकरमध्ये टाका, ती ही हद्द.

एवढंसं काही शोधायचं कसं?

पाणी ओळखायच्या घरगुती खुणा आपल्याकडं पुष्कळ आहेत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तर पाणी जड. जिभेला खारट लागलं आणि तहानच भागली नाही, तर मचूळ. हंड्याच्या तळाशी गाळ बसला, तर गढूळ. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या या खुणा खऱ्या आहेत, पण त्या चिमटीत येणाऱ्या पदार्थांच्या आहेत. एका टँकरमध्ये गुंजभर आर्सेनिक असेल आणि दुसऱ्यात पन्नास गुंजा, तरी डोळ्यांना, नाकाला, जिभेला दोन्ही पाणी सारखंच लागतं. स्वच्छ, थंडगार, गोड.

अशाच गोड पाण्यानं बंगालचा घात केला. १९७० च्या दशकात बांगलादेशात हगवण आणि कॉलरापासून मुलांना वाचवण्यासाठी तळ्याचं पाणी सोडून कूपनलिकांचं पाणी प्या, अशी मोहीम निघाली. हेतू चांगला होता आणि गावोगाव हातपंप बसले. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडं पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण आले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहातांना आणि तळपायांना खडबडीत गाठी. रोग त्वचेचा दिसत होता, पण मूळ कूपनलिकेच्या पाण्यात होतं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातलं आर्सेनिक जमिनीखालच्या पाण्यात उतरलं होतं, आणि माणसं ते वर्षानुवर्षं पीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या या प्रकाराची गणना इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सामूहिक विषबाधेत केली.

मग सुरू झाली तपासणी. सुमारे ५० लाख कूपनलिका! एवढ्या बाटल्या भरून कोणत्या प्रयोगशाळेत पाठवणार? म्हणून चाचणी गावातच करायचं ठरलं. पाण्यात जस्त आणि आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पडतो. डागाची छटा छापील तक्त्याशी ताडून बघायची. त्या देशाची मर्यादा लिटरमागं ५० मायक्रोग्रॅम; त्याच्या वर गेलं तर पंपाच्या तोंडाला लाल रंग, खाली असेल तर हिरवा. सुमारे १४ लाख पंप लाल झाले.

हे फार मोठं काम होतं. पण २००२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा क्षेत्रीय चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेतल्या मोजणीशी ताडून पाहिले, तेव्हा चुकीचे शेरे मिळालेल्या कूपनलिका मोठ्या संख्येनं निघाल्या. फिका पिवळा आणि जरा गडद पिवळा यांतला फरक उन्हात, घाईत, दमलेल्या डोळ्यांनी ठरवायचा, म्हणजे अशी चूक होणारच. चुकून लाल रंगवलेल्या पंपामुळं बाईची एका हंड्यामागं अर्ध्या कोसाची पायपीट वाढते. चुकून हिरवा रंगवलेला पंप मात्र घरादाराला आर्सेनिक पाजत राहतो, तेही सरकारी शिक्का लावून. पाणी तपासायच्या कोणत्याही नव्या युक्तीकडं बघताना हा हिरवा पंप डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

प्रयोगशाळेतली यंत्रं याहून कितीतरी अचूक असतात. पाण्यातला एकेक धातू वेगळा मोजणारी यंत्रं लिटरमागं मायक्रोग्रॅमच्याही खाली सहज पोचतात. पण त्यांच्या किमती कोटीच्या घरात, त्यांना अखंड वीज, शुद्ध वायू आणि शिकलेली माणसं लागतात. शिवाय पाण्याला तिथपर्यंत जावं लागतं. नमुना बाटलीत भरताच त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. जंतूंचा नमुना असेल तर तो बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा लागतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातल्या फ्लिंट शहरातही हेच झालं. २०१४ मध्ये शहराच्या पाण्याचा स्रोत बदलला, जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. आणि २०१५ मध्ये रहिवाशांनी घरोघरी भरलेल्या शेकडो बाटल्या दुसऱ्या राज्यातल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेल्या, तेव्हा कुठं ते आकड्यांनी सिद्ध झालं. दरम्यान लोक तेच पाणी पीत होते.

यंत्राची नजर आणि कागदी पट्टीचा सुटसुटीतपणा एकत्र आणता येईल का, या प्रश्नावर गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा काम करत आहेत. त्यांच्या हाती लागलेल्या पदार्थांतला सगळ्यात देखणा पदार्थ सोनं आहे. पण हे सोनं पिवळं नाही, लाल आहे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांच्या काही बाटल्या जपून ठेवलेल्या आहेत. १८५७ मध्ये सोन्याचा आणि प्रकाशाचा संबंध तपासताना त्यांनी सोन्याच्या क्षारापासून माणकासारखं लाल पाणी तयार केलं. हा रंग सोन्याच्या अतिशय बारीक कणांचा आहे, असं त्यांनी ओळखलं. इतके बारीक कण दाखवू शकेल असा सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हता. त्या लाल पाण्यात साधं मीठ घातलं की ते निळं होतं, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. पाणी तपासायची आजची अर्धी विद्या त्या एका निरीक्षणावर उभी आहे.

हे लाल सोनं बनवायची सर्वांत प्रचलित रीत १९५१ मध्ये जॉन टर्केविच यांनी बसवून दिली. ती समोर उभं राहून बघावी अशीच आहे. काचेचं भांडं आधी अम्लराजानं धुतात, कारण बोटाचा डागसुद्धा पुढचं सगळं बिघडवू शकतो. त्यात सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायला ठेवतात. खळखळून उकळी आली की सायट्रेटचं द्रावण एकदम ओततात. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. पिवळा रंग उडून जातो. क्षणभर वाटतं, काहीच उरलं नाही. मग पाणी करडं-निळसर होतं, जांभळटपणा चढतो, आणि काही मिनिटांत भांड्यात कोकमाच्या सारासारखा खोल लाल रंग स्थिर होतो. त्यात सोन्याचे साधारण १३ नॅनोमीटरचे गोल कण तरंगत असतात. पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे पाऊण लाखाहून जास्त कण एका रांगेत बसतील.

लहान होताना सोन्याचे गुण बदलतात ते कसे? एक ग्रॅम सोन्याचा घन केला तर त्याचा पृष्ठभाग एका चौरस सेंटिमीटरहूनही कमी. त्याच एका ग्रॅमचे १३ नॅनोमीटरचे कण केले, की पृष्ठभाग होतो सुमारे २४ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फुटांच्या खोलीएवढा. पाण्यात कुठंतरी भटकणारा विषाचा रेणू पकडायला एवढं अंगण मिळतं. दुसरी गोष्ट रंगाची. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकाच लयीत इकडून तिकडं हिंदकळतात. सुट्या कणांची लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. तो शोषला जातो आणि आपल्याला लाल दिसतं. कण एकमेकांना खेटले की ते एकत्र हिंदकळू लागतात, लय संथ होते, आता तांबूस प्रकाश शोषला जातो आणि पाणी निळं दिसतं. या रंगाचं गणित १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी यांनी मांडलं. असा एक कण साध्या रंगद्रव्याच्या रेणूच्या हजारपटीहून जास्त प्रकाश अडवतो, म्हणून अगदी थोडे कणसुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका रंग देतात.

कणांवर बसलेल्या सायट्रेटमुळं त्या सगळ्यांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून लाल राहतात. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट जर आपल्याला हवं तेच विष असेल, तर काम झालं. विष आलं की लालाचं निळं.

भारतात ही वाट चोखाळली आयआयटी मद्रासमधल्या थलाप्पिल प्रदीप यांच्या गटानं. त्यामागं केरळची एक जखम होती. कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं जात होतं. त्या गावांतल्या मुलांमधली व्यंगं आणि आजार हा देशभराचा प्रश्न झाला. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कीटकनाशकावर बंदी घातली. प्रदीप, श्रीकुमारन नायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की एंडोसल्फान सोन्याच्या कणांवर जाऊन बसतं आणि लाल द्रावणाचा रंग निळ्याकडं सरकतो. जे विष कणाला धरून बसतं, ते कणासोबत पाण्याबाहेरही काढता येतं, हा विचार त्यांनी तिथंच सोडला नाही. चांदीचे नॅनोकण वापरून कीटकनाशकं अडवणारा घरगुती फिल्टर २००७ च्या सुमाराला बाजारात आला. पुढं आर्सेनिक काढणारा ‘अमृत’ही याच गटाचा. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

एंडोसल्फान आपणहून सोन्याला बिलगतं. प्रत्येक विष तसं करत नाही. त्यासाठी सापळा लावावा लागतो, आणि डीएनए हा फार नेमका सापळा आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिनची जोडी एडेनिनशी जमते. थायमिनसमोर थायमिनच आलं तर सोयरीक जुळत नाही. पण मध्ये पाऱ्याचा आयन आला, की दोन्ही थायमिन त्याला दोन बाजूंनी धरतात आणि जोडी पक्की होते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या चॅड मर्किन यांच्या गटानं २००७ मध्ये सोन्याच्या कणांवर असे डीएनएचे धागे बसवले. पाण्यात पारा जेवढा जास्त, तेवढा कणांचा निळसर गुच्छ जास्त तापमानापर्यंत टिकून राहतो आणि मग सुटून लाल होतो. लिटरमागं २० मायक्रोग्रॅम पारा त्यांना असा ओळखता आला. युक्ती अप्रतिम होती, पण आपली मर्यादा १ मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे त्या पहिल्या प्रयोगाला पिण्यायोग्य आणि अयोग्य यांमधली रेघ दिसत नव्हती. पुढच्या गटांनी ती दरी बुजवत आणली.

शिशासाठी इलिनॉय विद्यापीठात जुएवेन लिऊ आणि यी लू यांनी २००३ मध्ये उलटी चाल केली. त्यांच्याकडं कण आधीच डीएनएनं एकत्र बांधलेले, म्हणून निळे. त्या डीएनएत कात्रीसारखं काम करणारा एक भाग आहे, आणि ती कात्री शिसं आलं तरच चालते. शिसं आलं, धागे तुटले, कण सुटले, निळ्याचं लाल झालं. लाल म्हणजे धोका हे माणसाच्या अंगात इतकं मुरलेलं आहे, की पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला ही दिशा जास्त सोयीची वाटेल.

सोन्याखेरीज इतरही साधनं आहेत. क्वांटम डॉट नावाचे अर्धवाहकांचे कण जंबुपार प्रकाशात चमकतात. धातूचे आयन चिकटले की बऱ्याचदा ती चमक विझते, आणि किती विझली यावरून माप मिळतं. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मधुमेही माणूस साखर तपासायला जशी पट्टी वापरतो, तशा पट्ट्यांवर कार्बनच्या नॅनोनळ्या किंवा ग्राफीन लावून धातूंची विजेनं मोजणी करतात. आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणामही इथं कामाला आला आहे. प्रत्येक रेणू प्रकाश विखुरताना त्यात स्वतःच्या ओळखीची खूण सोडतो, पण ती फार क्षीण असते. साउदम्प्टनच्या संशोधकांना १९७४ मध्ये खडबडीत चांदीवर ती खूण अनपेक्षितपणे ठळक मिळाली. १९९७ पर्यंत चांदीच्या नॅनोकणांवर बसलेला एकेक रेणू ओळखता येऊ लागला. या पद्धतीचं मोठेपण असं, की पाण्यात काहीतरी आहे एवढं सांगून ती थांबत नाही, काय आहे तेही सांगते.

इतकं सगळं हाताशी असताना गावच्या विहिरीवर ते अजून का दिसत नाही?

कारण विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतल्या पाण्यासारखं नसतं. बहुतेक नव्या पद्धती आधी ऊर्ध्वपातित पाण्यात आजमावल्या जातात. त्यात फक्त संशोधकानं मोजून घातलेलं विष असतं. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी घ्या : कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, कुठं नायट्रेट, कुठं फ्लोराइड. फॅरडेंच्या बाटलीत मिठानं जे केलं, तेच हे क्षार करतात. कणांवरचा भार झाकला जातो, ते एकमेकांना खेटतात आणि लाल पाणी निळं होतं. पारा नाही, शिसं नाही, काहीच नाही, तरी निळं. ज्या बाईच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिच्या पाण्यात ही चाचणीही फसते. नदीच्या पाण्याची अडचण उलटी आहे. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेले सेंद्रिय पदार्थ कणांवर लेपासारखे बसतात, आणि मग विष समोर येऊनही कण जागचे हलत नाहीत. पहिल्या चुकीत चांगलं पाणी वाईट ठरतं, दुसरीत वाईट पाणी चांगलं. दुसरी चूक म्हणजे पुन्हा तोच हिरवा पंप.

म्हणून एखाद्या नव्या संवेदकाची बातमी आली, की त्यानं किती कमी विष ओळखलं याआधी एक गोष्ट विचारावी : कुठल्या पाण्यात? शुद्ध पाण्यात लिटरमागं एक सहस्रांश मायक्रोग्रॅम ओळखणाऱ्या शोधापेक्षा, मचूळ बोअरच्या पाण्यात पाच मायक्रोग्रॅम शिसं दर वेळी, कुणाच्याही हातून, न चुकता दाखवणारी पट्टी लाखमोलाची आहे. विक्रमांच्या मागं धावताना या दुसऱ्या कामाकडं संशोधनात कमी लक्ष गेलं आहे. कणांना पॉलिमरचं किंवा गंधकयुक्त रेणूंचं घट्ट अस्तर देणं, नमुना आधी गाळून घेणं, रंग डोळ्यांनी न ठरवता फोनच्या कॅमेऱ्यानं ठरवणं, उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या खोलीत कण महिनोन्‌महिने टिकवणं. या कामांना पारितोषिकं मिळत नाहीत, पण चाचणी गावात पोचते ती यांच्यामुळंच. शिवाय वापरलेली कुपी विहिरीत न ओतता परत गोळा करण्याची सोयही तिच्यासोबत हवी.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना पाण्यात थेंब टाकून रंग बघायची सवय नवी नाही. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर पडली की नाही, हे जलसुरक्षक ओटी टेस्टनं तपासतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संच वापरायला शिकवलं जातं. पेटी उघडणारे हात तयार आहेत. लालाचं निळं होणारी सोन्याची कुपी त्या पेटीत जायची असेल, तर एका कुपीनं भागणार नाही, तीन लागतील. पहिलीत शुद्ध पाणी : ती लालच राहिली पाहिजे, म्हणजे कण शाबूत आहेत. दुसरीत विहिरीचं पाणी. तिसरीत तेच विहिरीचं पाणी, पण त्यात मोजून घातलेलं शिसं : हिचा रंग बदललाच पाहिजे. तो बदलला नाही, तर या विहिरीचं पाणी कणांचे डोळे झाकतं आहे, आणि दुसऱ्या कुपीचा लाल रंग कितीही स्वच्छ दिसला तरी वहीत ‘शिसं नाही’ असं लिहायचं नाही. त्या विहिरीची बाटली आम्लाचे थेंब घालून, लेबल लावून, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेच्या गाडीतच चढवायची.